तळमजल्यावरच्या गॅरेजबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहरचना संस्था, सहकारनगर, पुणे

विषय: रस्त्याकडेच्या गाळ्यांतील डेंटिंग-पेंटिंगच्या कामाबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

गॅरेज बंद करा, अशी माझी मागणी नाही. दुचाक्यांचं सर्व्हिसिंग आणि ऑइल बदलणं त्या गाळ्यात कित्येक वर्षं चालू आहे; सोसायटीतल्या बऱ्याच जणांच्या गाड्या तिथेच जातात, माझीही जाते. तक्रार आहे ती शेजारचा गाळा जोडून घेऊन दिवाळीनंतर सुरू झालेल्या चारचाकीच्या डेंटिंग-पेंटिंगची.

आवाजाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. पत्रा ठोकणं, ग्राइंडर, आणि टाकी भरली की थांबून पुन्हा धडधडणारा कॉम्प्रेसर. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, "काम दिवसा चालतं, रात्री दहानंतर असेल तर बोला." नियम तसा नाही. ध्वनी प्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेतही 55 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री ती 45 वर येते. रस्त्याकडेची बाजू व्यापारी धरा म्हटलं, तरी दिवसाची मर्यादा 65 च होते. मोबाइलच्या अ‍ॅपवरचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, म्हणून तो इथे देत नाही. रीतसर मोजणी मागवायला हवी आणि ती सोसायटीच्या नावाने मागवलेली बरी. एकट्या सभासदाने अर्ज केला की तो "शेजाऱ्यांचा आपसातला वाद" ठरतो.

पण माझ्या मते आवाज ही त्यातली लहान गोष्ट आहे. मोठी आहे ती रंगाची. तिथे रंगकामाची बंद खोली म्हणजे बूथ नाही, वाफ बाहेर खेचणारा एक्झॉस्ट नाही; साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, गाडी उभी करून प्लास्टिकचा पडदा लावतात आणि स्प्रे गन चालवतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक ठिपके पडतात, ते दिसतात तरी. हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आणि क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. एकदा ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे ज्येष्ठ सभासद दुपारभर खिडक्या लावून बसतात. तो फवारा मारणारा मुलगा तर तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा असतो. त्याच्या वतीने कुणी पत्र लिहिणार नाही, म्हणून हेही लिहून ठेवतो.

शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. त्याच भिंतीपलीकडे आपली मीटररूम आहे आणि त्याच गाळ्यात वेल्डिंगही चालतं. यावर आणखी काय लिहू?

जळकं ऑइल ते डब्यात साठवून विकतात, ते मी पाहिलं आहे, तेव्हा तो आरोप करत नाही. मात्र ते घेणारा अधिकृत आहे का, हे विचारायला हवं. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. सुटे भाग रॉकेलने धुतलेलं पाणी आणि पुट्टी घासलेला गाळ मात्र सरळ पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये जातो. हे गटार आंबील ओढ्याला मिळतं आणि ओढा मुठेला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याच्या पुरात अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत काय झालं, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्या पुराचा दोष कुणा गॅरेजवर नाही, पण तो पाहिल्यानंतरही आपलं चेंबर पुट्टीने बुजताना बघत बसायचं, हे मला समजत नाही.

समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं कानावर आलं: भाडेकरू गेला तर सोसायटीचं उत्पन्न बुडेल. कसलं उत्पन्न? 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे जागा भाड्याने दिली की सोसायटी मालकाकडून घेते ते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेताच येत नाही. भाडं जातं गाळ्याच्या मालकांच्या खिशात. म्हणूनच नोटीस गॅरेजवाल्याला न देता मालकांना द्यावी. ते आपले सभासद आहेत, सोसायटीचे उपविधी त्यांना बंधनकारक आहेत आणि इतरांना उपद्रव होईल असं काही आपल्या जागेत करू न देणं ही त्यांची जबाबदारी आहे. भाडेकराराची आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत त्यांच्याकडून मागवावी. परवाना नक्की कोणत्या कामाचा आहे, ते त्यातूनच कळेल.

रंगकाम, वेल्डिंग आणि पत्राकाम तिथून हलवावं, सर्व्हिसिंग राहू द्यावं, चेंबर मालकांच्या खर्चाने साफ करून घ्यावं. मालकांनी दाद दिली नाही, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका आणि पोलीस ठाणे यांच्याकडे सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार जावी. हा विषय येत्या मासिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा. "इतर विषय" मध्ये नको. तिथपर्यंत येईतो चहा येतो आणि सभा संपते.

सोबत चेंबरचे व कपड्यांचे फोटो आणि दोन्ही विंगमधील सभासदांच्या सह्या जोडल्या आहेत. दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
एक सभासद, बी विंग