गाडी ठाण्यातच राहील

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री अकरा

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हे बोलणं जमत नाही. बाबा फणसाखाली उभे असतात तोवर रेंज असते, आणि मुद्द्यावर आलं की नेमकी जाते. म्हणून लिहितेय. शेजारचे काका परवा तुतारीने चिपळूणला निघालेत. त्यांच्या हाती हे पत्र आणि बाबांचे डोळ्यांत घालायचे थेंब पाठवते.

बाबा, तुम्ही म्हणालात, "वैमानिकाच्या ट्रेनिंगला गुडगावला जातेयस तर डिझायर घेऊन जा, परक्या गावात बरी पडेल." खरं सांगू? पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात हो म्हटलंसुद्धा होतं. नकाशा काढला. घोडबंदरवरून फाउंटनला हायवे पकडायचा, वापी, सुरत, रात्री उदयपूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी जयपूर करून गुडगाव. चौदाशे किलोमीटरच्या आसपास. फास्टॅगचा वार्षिक पास काढला की 200 टोल पार, तोही हिशेब मांडला. दादा हसला. म्हणाला, वाईट दिवशी तू गायमुखच्या चढावर अडकलेली असशील तेवढ्यात विमान मुंबईहून दिल्लीला उतरतं.

मग एकेक गोष्ट बघत गेले. नंबर बदलून घ्यावा लागेल ही तुमची शंका सोडा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तरच ती भानगड येते, माझं ट्रेनिंग तेवढं लांबत नाही. अडचण वेगळीच निघाली. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की तिकडे टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात, त्यालाच ग्रॅप म्हणतात. तिसरा टप्पा लागला की बीएस-4, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली, डिझेल चारचाकी दिल्लीत आणि गुडगावात रस्त्यावर काढता येत नाही. आपली गाडी 2018 ची, डिझेल, बीएस-4. मी तिथे ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत ती उभी, आणि मी रिक्षा शोधत.

पण एवढ्यावर मी नाही म्हटलं नसतं. चार दिवस गाडी बंद राहिली तर राहिली.

आई, तुझी काळजी रात्रीची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुरुवातीचे आठवडे वर्गात बसायचं: कंपनीचे नियम, विमान रिकामं कसं करायचं, धोकादायक माल कोणता, मग एअरबस 320 ची एकेक यंत्रणा. ते सगळं दिवसा. त्यानंतर सिम्युलेटर. म्हणजे हलत्या पायांवर उभी केलेली कॉकपिटची खोली. आत बसलं की पोटाला खरंच विमान वळल्यासारखं वाटतं. इतकं महाग यंत्र कोणी रात्री बंद ठेवत नाही, ते चोवीस तास चालतं. एक स्लॉट चार तासांचा. दोन तास मी उडवायचं आणि जोडीदाराने लक्ष ठेवायचं, मग अदलाबदल. आधी तास-दीड तास ब्रीफिंग, नंतर कुठे चुकलं त्याची झाडाझडती. समजा रात्री दोनचा स्लॉट मिळाला, तर मी बाराच्या सुमारास निघणार आणि सातला बाहेर पडणार. मधल्या वेळात इन्स्ट्रक्टरने दोनदा इंजिन बंद पाडलेलं असणार आणि एकदा आग लावलेली. अशा अवस्थेत सकाळच्या गुडगावच्या गर्दीत स्टिअरिंग माझ्या हातात हवं का? सतरा तास सलग जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्यासारखाच चुकतो, हे आम्हाला अभ्यासातच आहे. रात्रीच्या स्लॉटला ने-आण करायला कंपनीची गाडी आहे. मी तोंडी भरवशावर राहिले नाही, ईमेल करून लेखी उत्तर घेतलंय. सिम्युलेटरची जोडीदारही मुलगीच आहे, नागपूरची. आम्ही एकाच ठिकाणी खोली बघतोय, कारण संध्याकाळचा सराव दोघींनी मिळूनच करावा लागतो.

आणि एक गोंदियाचा अनुभव, विमान उडवायला शिकत होते तेव्हाचा. आमच्या बॅचमध्ये एकाच मुलाकडे गाडी होती. बिचारा वैमानिक व्हायला आला आणि आधी आमचा ड्रायव्हर झाला. कोणाला स्टेशनवर सोड, कोणाला दवाखान्यात ने, रविवारी सगळ्यांना जेवायला ने. डिझेलचे पैसे मागायची लाज वाटायची त्याला. माझे उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण होईपर्यंत मी स्कूटीवरच फिरले, काही अडलं नाही.

आता एक गंमत. गाडी मी गुडगावला नेत नसले तरी तिच्यावर माझा सराव चाललाय. एअरबसमध्ये को-पायलट उजवीकडे बसतो. डावा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यावर, बरोब्बर आपल्या गियरच्या जागी. त्यामुळे रोज रात्री मी खाली पार्किंगमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसते, कॉकपिटचा छापील फोटो डॅशबोर्डला चिकटवते आणि क्रमाने हात फिरवत मोठ्याने बोलते. वॉचमनकाकांनी परवा काच वाजवून विचारलं, "ताई, कोणाशी भांडताय?"

तिथे बसल्यावरच मला वडखळ आठवलं.

बाबा, मागच्या मे महिन्यात आपण गावाहून परत येत होतो. रात्रीचे आठ वाजले असतील. समोरून ट्रकची रांग, सगळ्यांचे दिवे वर. तुम्ही गाडी कडेला घेतलीत, इंजिन बंद केलंत आणि दहा मिनिटं बसून राहिलात. पाय अवघडले म्हणालात. आई मागे झोपली होती. मी तुमच्या हातांकडे बघत होते, पायांकडे नाही. त्यानंतर यंदा गणपतीला पहिल्यांदाच गाडी ठाण्यात ठेवून तुम्ही तुतारीने गेलात, वर म्हणालात, हायवेचं काम कुठे संपलंय. हायवेचं काम गेली कित्येक वर्षं संपलेलं नाही, बाबा. तुम्ही त्याच्यातूनच जात होतात.

गाडी मला देऊन टाकली की कोणाला काही सांगावं लागत नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. "लेकीला लागते म्हणून दिली," एवढं म्हटलं की झालं. मी ती नेली असती तर तुमच्या त्या न बोलण्यात सामील झाले असते. म्हणून नको म्हणायला मला आठ दिवस लागले, ग्रॅप आणि टोल हे सगळं नंतरचं.

आमच्याकडे याची कोणाला लाज वाटत नाही. मेडिकल दर वर्षी, साठीनंतर दर सहा महिन्यांनी, आणि पासष्टाव्या वर्षी एअरलाइनचा कॅप्टन कितीही तरबेज असो, कॉकपिटमधून उतरतो. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा राहिलाय. डॉक्टर दिवाळीच्या आधी करू म्हणाले होते आणि तुम्ही भातकापणीचं निमित्त काढलंत. कापणी दादा सुट्टी टाकून बघेल, मी त्याच्याशी बोलले. भांडून बोलले, पण तो हो म्हणालाय.

तर गाडी ठाण्यात राहील, तुमच्याच नावावर. तुम्ही इकडे आलात की डॉक्टरकडे जायला, आईच्या गुडघ्याच्या फिजिओथेरपीला, गडकरीला नाटकाला तासावर ड्रायव्हर बोलवायचा. आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे दोघांचे नंबर आहेत. डावा डोळा झाला की दिवसा ठाण्यातल्या ठाण्यात तुम्ही चालवायची की नाही ते डॉक्टरांना विचारू. मी ठरवणार नाही, आणि तुम्हीही एकट्याने ठरवायचं नाही. आई, तू या वेळी मध्ये पडून "जाऊ दे गं" म्हणू नकोस.

पैशांबद्दल एकच. माझ्या ट्रेनिंगला तुमच्या पीएफचे किती गेले ते मला पाठ आहे. गाडीही त्यात घालू नका.

निघताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवेन. बॉनेटखाली तंबाखूची पुडी आहे. आई, ती बाबांची नाही, उंदरांसाठी आहे. मागच्या पावसात त्यांनी वायर कुरतडली होती. किल्ली काकूंकडे. सोसायटीचे लोक पार्किंगची जागा मागायला लागलेच तर दादाला फोन करायला सांगा, तुम्ही वाद घालत बसू नका.

काका गुरुवारी परत येतायत. त्यांच्या हाती आमसुलं पाठव, आणि कुळथाचं पीठ थोडं जास्तच पाठव. नागपूरच्या मुलीने पिठलं म्हणजे फक्त बेसनाचंच खाल्लंय.

तुमची,
धाकटी