उद्यमनगरातल्या वायरिंगवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या दुकानासमोर मी गाडी उभी केली, तेव्हा तुम्ही जेवणाचा डबा उघडत होतात. तो बाजूला ठेवून उठलात. त्या दिवशी पैसे देऊन निघाले, पण मनातलं बोलायचं राहिलं, म्हणून हे पत्र.

गाडीचा इंजिन चेक लाइट दीड महिना पेटत होता. स्कॅनरवर पी०१३५ हा कोड, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून इंजिनचा संगणक पेट्रोल किती टाकायचं ते ठरवतो, आणि हीटर सेन्सरला तापवतो. आधीच्या गॅरेजमध्ये सेन्सर जिथे गाडीच्या वायरींना जोडतात त्या कपलरला मीटर लावला, १२ व्होल्ट आले, तेव्हा सेन्सरच गेला असं ठरवून नवा बसवला. चार दिवसांत लाइट परत. आईला फिजिओथेरपीला नेण्याची आमची रोजची फेरी जेमतेम तीन किलोमीटरची, आणि ॲव्हरेज १६ वरून १२ वर आलेलं.

तुम्ही आधी डिकीतला जुना सेन्सर मागितलात. चार वायरींतल्या एकाच रंगाच्या दोन वेगळ्या धरून म्हणालात, "ताई, रंगाची जोडी दिसली की ती हीटरची." बॉशच्या सेन्सरला पांढरी जोडी, काळी सिग्नलची, करडी त्याच्या अर्थिंगची. डेन्सोत काळी जोडी हीटरची, निळी सिग्नल, पांढरी अर्थिंग. म्हणजे काळी वायर एकात सिग्नलची, दुसऱ्यात हीटरची! गाडीच्या बाजूचे रंग आणखी वेगळे, त्यामुळे कपलरपलीकडे रंगावर भरवसा ठेवायचा नाही, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. मग जोडीवर मीटर लावून दाखवलात: जुना सेन्सर ९ ओहम, नवाही तेवढाच. दोन्हींचे हीटर चांगले. सिग्नलच्या वायरींवर मात्र तुम्ही ओहम मोजू दिले नाहीत.

मग इग्निशन चालू करून कपलरच्या गाडीकडच्या बाजूला मीटर. तेच १२ व्होल्ट. तुम्ही इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब हीटरला वीज देणाऱ्या वायरला आणि बॉडीला जोडलात आणि तो नुसता लालसर मिणमिणला. "वायरीच्या आत तांब्यावर हिरवं धरलं की मीटरला १२ दिसतात, पण ओझं पडलं की वायर बसते." मी वीस वर्षं शाळेत ओहमचा नियम शिकवते आहे, मामा. इतक्या कमी शब्दांत तो मला कुणी सांगितला नव्हता. हाच बल्ब सिग्नलच्या वायरला कधी लावायचा नाही, तिथून संगणकाला इजा होते, हे तुम्ही दोनदा सांगितलंत.

गिअरबॉक्सजवळच्या पट्टीवर वायर घासून पाणी आत गेलं होतं. तेवढा तुकडा कापून तुम्ही नवी वायर सोल्डर केलीत, वर स्लीव्ह चढवली. खुद्द सेन्सरच्या वायरींना मात्र सोल्डर नको, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींतूनच आत जाते. हे ऐकून मी थक्क झाले.

सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट बोलत नाही. हीटर बंद, फेरी तीन किलोमीटरची, मग तो तापणार कधी? तोवर इंजिन अंदाजानेच पेट्रोल टाकत राहतं. आमचं ॲव्हरेज कुठे जात होतं ते तेव्हा कळलं. शेवटी इंजिन तापल्यावर वायरीला भोक न पाडता कपलरच्या मागून टाचणी सरकवलीत, मला थोडी रेस धरायला लावलीत. मीटरवर ०.१ पासून ०.९ व्होल्टपर्यंत आकडे भराभर वरखाली होऊ लागले. "आता बोलतोय बघा," म्हणालात. तुमच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो.

नवा सेन्सर विकायची संधी तुम्हाला सहज होती. तुम्ही दोन तास देऊन वायर शोधलीत आणि मला प्रत्येक पायरी दाखवलीत. त्याबद्दल मनापासून आभार. आई रोज वेळेवर पोचते.

कापलेला तो हिरवा तुकडा मी मागून घेतला होता. नववीच्या वर्गात तो बॅटरी आणि बल्बच्या मध्ये जोडते. बल्ब लावायच्या आधी मीटर १२ दाखवतो, बल्ब लावला की तो नुसता मिणमिणतो, आणि मुलं बाकावरून उठून पुढे येतात.

आपली,
एक शिक्षिका