बाई, तुम्ही घरी आलात म्हणून

बाई, सप्रेम नमस्कार.

वर्तकनगरची आपली म्हाडाची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला. जुने शेजारी पांगले आणि तुमचा नवा पत्ता कुणाकडून मिळाला नाही. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या हाताखाली खो-खो खेळलेल्या मुली ठाण्यात पुष्कळ आहेत. त्यांतली एखादी वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल.

मी तळमजल्यावरची. कान न टोचलेली, हातात बांगडी नसलेली, रविवारी कधीच मैदानावर न येणारी. एवढ्यावरून तुम्हाला नक्की आठवेल.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ‘जगिक’ हा शब्द फार चालायचा; जगिक म्हणजे ऐहिक, देवापासून दूर नेणारं. सिनेमा जगिक, टीव्ही जगिक, दागिने जगिक, गरबा तर विचारूच नका. पत्ते आणि फासेही बंद, कारण वधस्तंभापाशी शिपायांनी येशूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तो जुगार आणि सापशिडीचा फासा यांत पप्पांना फरक दिसत नसे. मग आईने चिंचोके फोडून दिले. पांढरी बाजू वर आली की एक घर पुढे. पप्पांनी ते पाहिलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आठवडा मात्र भरगच्च असायचा. बुधवारी बायबल अभ्यास, गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना. रविवारी सकाळी टीएमटी पकडून कळव्याला जायचं, भाड्याच्या हॉलमध्ये आधी संडे स्कूल, मग तीन तासांची उपासना, सगळ्यांचं एकत्र जेवण आणि संध्याकाळी तरुणांची सभा. मी तिथे दुःखी होते असं कुणी समजू नये. मे महिन्यात दहा दिवस सुट्टीतली बायबल शाळा भरायची, तिची मी वर्षभर वाट बघायची. वचन शोधायची शर्यत असायची. शिक्षक ‘हबक्कूक तीन, सतरा’ म्हणायचे आणि हॉलभर पानं सळसळायची. मी बहुतेक वेळा पहिली यायची. येऊरला सहल जायची, भात-रस्सा शिजायचा, ओढ्याकाठी गाणी व्हायची. ते प्रेम खरं होतं. पण ती मुलं राहायची दिव्याला, मुंब्र्याला, ऐरोलीला. उपासना संपली की सगळी आपापल्या बसने जायची आणि सोमवार ते शनिवार मला बोलायला कुणी नसायचं. बिल्डिंगमध्ये चाळीस घरं होती आणि मला एकही मैत्रीण नव्हती. नवरात्रात नऊ रात्री आम्ही खिडक्या लावून बसायचो. आवाज काय, बंद खिडकीतूनही येतोच.

1995 साली मी सातवीत होते. दूध आणायला जाताना पालिकेच्या मैदानाच्या कडेला उभी राहायची. एकदा तुम्ही शिट्टी तोंडातून काढून विचारलंत, ‘धावतेस का?’ आधी नाव नाही, आडनाव नाही. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर पुढचा प्रश्न दिसायचा, त्याची मला सवय होती. तुम्ही विचारलंत ते एवढंच, आणि मी पिशवी खांबापाशी ठेवली.

आठ जणी चौकात बसलेल्या, एकाआड एक उलट तोंडं करून, आणि नववी पळत येऊन पाठीवर हात मारते. ‘खो’ मोठ्याने द्यायचा, नाहीतर पंच फाऊल देतात. तुम्ही मला पहिला आठवडा नुसतं ओरडायला लावलंत. हालेलुया सोडून दुसरं काही मी तोवर मोठ्याने ओरडले नव्हते. एकदा मधली रेषा ओलांडायची नाही आणि घेतलेली दिशा खांबापर्यंत सोडायची नाही हे अंगात मुरलं, की मग मी सुटलेच.

तीन आठवड्यांनी फुटलेले गुडघे पप्पांना दिसले. खेळ बंद झाला. आणि चौथ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात.

त्या संध्याकाळबद्दल मी आजवर तुमचे आभार मानलेले नाहीत. तुम्ही चपला बाहेर काढल्यात. हातात काही आणलं नव्हतंत, कारण आमच्याकडे काय चालतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. हे तुम्हीच नंतर सांगितलंत. भिंतीवरचं वचन तुम्ही मोठ्याने वाचलंत आणि पप्पांना त्याचा अर्थ विचारलात. आमच्या घरी येऊन तो अर्थ कुणी विचारला नव्हता. पप्पा पाऊण तास बोलले, आणि तुम्ही पाऊण तास ऐकलंत.

मग त्यांनी तुम्हाला एरिक लिडेलची गोष्ट सांगितली. आम्हाला ती पाठ होती. चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला स्कॉटिश धावपटू. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून त्याने आपली हातखंडा शर्यतच सोडली. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट इथेच संपायची. प्रभूचा दिवस पाळला, बस्स.

दहा दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात. वाचनालयात बसून ऑलिम्पिकवरची पुस्तकं काढली होतीत, वहीत टिपणं होती. ‘तुमचा माणूस रविवारी पळाला नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘पण बुधवारी 200 मीटर पळाला, कांस्यपदक मिळालं. शुक्रवारी 400 मीटर पळाला, 47.6 सेकंदांत, सुवर्णपदक. मग रविवार तुमचा. बाकीचे दिवस मला द्या. सभा असेल त्या दिवशी मी हिला सव्वासहाला सोडीन.’

पप्पा बराच वेळ गप्प होते. मग जे बोलले ते ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘विजय हजारेही आपल्यातलेच, ख्रिस्ती, सांगलीचे. भारताने पहिली कसोटी जिंकली ती त्यांच्याच कप्तानीत, 1952 साली, मद्रासला.’ पप्पांच्या तोंडून क्रिकेट हा शब्दही मी कधी ऐकला नव्हता. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत दिवसभर यंत्रावर उभा राहणारा माझा बाप कधीकाळी नगरला कुठल्यातरी मैदानावर खेळला असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

अटी होत्याच. अर्धी चड्डी नाही. स्पर्धेआधी नारळ फुटेल तेव्हा मी लांब उभी राहीन. तुम्ही सगळ्याला हो म्हणालात. पुढच्या पंधरवड्यात अख्ख्या संघाला निळ्या ट्रॅक पँट आल्या. गुडघे फुटतात म्हणून, असं तुम्ही सांगितलंत आणि मी ते खरं मानलं. खरं कारण मला पंधरा वर्षांनी एका मैत्रिणीच्या लग्नात कळलं. मांडवातच रडू आलं.

मंडळीत कुरकुर झाली. वडीलजनांपैकी एकांनी व्यासपीठावरून, नाव न घेता, मैदानात पळणाऱ्या मुलींबद्दल प्रार्थना केली. सगळ्यांनी मान वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. परतीच्या बसमध्ये पप्पा काही बोलले नाहीत. सोमवारी पाच वाजता त्यांनीच विचारलं, ‘आज जायचं नाही का?’

आणि ती डोंबिवलीची स्पर्धा. शनिवारी उपांत्य सामना मी खेळले, तीन गडी बाद केले. अंतिम सामना रविवारी सकाळी होता. मी कळव्याच्या हॉलमध्ये घड्याळाकडे बघत बसले होते आणि तिकडे आपण एका गड्याने हरलो. मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. सोमवारी मैदानावर न जाता परत फिरणार होते, तेवढ्यात तुमची हाक आली. ‘तिसऱ्या चौकात बस.’ माझी रोजची जागा. मग मुलींना म्हणालात, ‘हिच्या रविवारचं मी तिच्या वडिलांना कबूल केलंय. शब्द माझा आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.’ त्या आठवड्यात त्यांतल्या दोघी माझ्या घरी अभ्यासाला आल्या. एक अजून येते, आता तिची मुलंही येतात.

आणखी एक सांगायचं आहे. गणपतीत तुमच्याकडून दरवर्षी डबा यायचा, पाच मोदक. ‘वेगळ्या पातेल्यातले आहेत, दाखवलेले नाहीत,’ असा निरोप असायचा. आम्ही प्रसाद खात नाही हे तुम्ही लक्षात ठेवलं होतंत. आई निर्धास्तपणे आम्हाला वाढायची. देवाला दाखवण्याआधी घरातलं पोरही मोदकाला हात लावत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा तुमच्या सासूबाई होत्या, सोवळ्यातल्या. त्यांना तुम्ही काय सांगत होतात, बाई? त्या पाच मोदकांसाठी तुम्ही काय ऐकून घेतलंत?

आता हे पत्र आजच का, ते सांगते. मागच्या महिन्यात मी लिडेलविषयी वाचत होते. तो पुढे मिशनरी होऊन चीनला परत गेला. युद्धात जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, फक्त रविवारी नाही. एका रविवारी मुलं आपली आपणच हॉकी खेळली आणि मारामारी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी लिडेल स्वतः मैदानात उतरला आणि पंच म्हणून उभा राहिला. फेब्रुवारी 1945 मध्ये मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत वारला. सुटका व्हायला सहाच महिने उरले होते.

हे मी पप्पांना वाचून दाखवलं. ते आता 78 वर्षांचे आहेत, नजर अधू झाली आहे, उपासना चुकवत नाहीत. हॉकीचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग चष्मा काढून हातात धरून बसले. मला वाटलं, काही वचन आठवत असतील.

‘त्या बाई आता कुठे असतात गं?’ त्यांनी विचारलं. ‘एकदा जेवायला बोलवू. रविवारी बोलाव, सगळी घरी असतात.’

पत्ता कळवा, बाई. पप्पा आणि मी न्यायला येऊ.

तुमची,
तिसऱ्या चौकातली