स्वयंपाकघरातला नळ घरच्या माणसाला काढता-बसविता आला पाहिजे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की पाणी जपून वापरण्याची आवाहने आपल्या दैनिकात येऊ लागतात, आणि ती योग्यच असतात. तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेल्यामुळे २०१९ च्या जुलैत नागपूरकरांना एक दिवसाआड पाण्यावर भागवावे लागले होते, हे कोणी विसरलेले नाही. मात्र या साऱ्या चर्चेत, ज्या वस्तूतून ते पाणी आपल्या हाती येते त्या नळाच्या घडणीबद्दल कोणी बोलत नाही. स्वयंपाकघरातला नळ घरच्या कोणालाही ओट्यासमोर उभे राहून, पाना न लावता, काढता आणि पुन्हा बसविता आला पाहिजे, आणि असा नळ घडविणे आज अवघड राहिलेले नाही, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तंत्रनिकेतनात यंत्र आरेखन शिकविण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे या विषयात केवळ तक्रार न करता उपायही सुचवावा असे वाटते.

गळका नळ घरात सर्वांना दिसत असतो. तरीही तो आठवडेच्या आठवडे तसाच गळतो, कारण आतला दोन-पाच रुपयांचा वॉशर बदलण्यासाठी आधी प्लंबर मिळावा लागतो, त्याने एवढ्याशा कामासाठी यायला हवे आणि तो येईल तेव्हा घरी कोणीतरी असावे लागते. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला २१ लिटरांहून अधिक पाणी मोरीत सोडतो. ज्या घरी मुले पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला आहेत आणि मागे सत्तरीचे आईवडील दोघेच राहतात, तिथे नळाखाली पातेले ठेवून दिवस काढले जातात. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. नळ ज्या रीतीने भिंतीत बसविलेला असतो तीच रीत घरच्या माणसाला त्यापासून दूर ठेवते.

ही रीत फार जुनी आहे. आपल्याकडचा भिंतीतला नळ अर्धा इंची आट्यांनी बसतो. इंचाला १४ आटे आणि आट्यांचा कोन ५५ अंशांचा. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे जे प्रमाण सुचविले, त्याचाच हा वारसा आहे. त्याचा उपकार मोठा आहे, कारण इतवारीतल्या कोणत्याही दुकानातून कोणत्याही कंपनीचा नळ आणला तरी तो आपल्या भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या काटकोनी जोडात, बसतो. अडचण आहे ती पाणी अडविण्याच्या पद्धतीत. इथे पाणी आट्यांवरच अडवायचे असते. पूर्वी त्यासाठी सूत आणि सफेदा लावत, आता टेफ्लॉनची टेप गुंडाळतात. नळ घट्ट आवळत न्यायचा, पण तो घट्ट होईल त्याच वेळी त्याचे तोंड नेमके खाली आले पाहिजे. तोंड थोडे डावीकडे राहिले तर आणखी पिळावे लागते, आणि थोडे पुढे गेले म्हणून मागे फिरविले तर जोड पाझरू लागतो. टेपचे किती वेढे दिले म्हणजे हे दोन्ही एकदम जमेल, हे कसलेल्या प्लंबरच्या बोटांना कळते. पहिल्यांदा नळ लावणाऱ्याला ते कळणे शक्य नाही.

काढताना तर अधिकच कठीण. बोअरवेलचे क्षारयुक्त जड पाणी वापरणाऱ्या वस्त्यांत वर्षा-दोन वर्षांत आट्यांच्या फटीत चुन्याचा पांढरा थर धरतो आणि नळ व एल्बो जणू एकच तुकडा होऊन बसतात. जुन्या इमारतींत लोखंडी निपलवर, म्हणजे आट्यांच्या छोट्या नळीवर, पितळी नळ असतो. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल राहिली की लोखंड आधी गंजते आणि निपल आतल्या आत झिजत जाते. नव्या इमारतींत सीपीव्हीसी या प्लास्टिकचा पाइप असतो आणि त्याच्या एल्बोत पितळी आट्यांची कडी बसविलेली असते. अडकलेल्या नळाला पाइप पाना लावून जोर केला की पुष्कळदा नळाऐवजी ती कडीच प्लास्टिकमध्ये फिरते. आमच्या इमारतीत एका घरी हेच झाले. कडी फिरली, पाणी टाइल्सच्या मागे मुरू लागले, सिंकवरच्या टाइल्स फोडाव्या लागल्या आणि त्या रंगाच्या टाइल्स आता मिळत नसल्यामुळे तिथे वेगळाच पट्टा बसला. साध्या नळाच्या दुरुस्तीचा शेवट भिंत फोडण्यात व्हावा, याचा दोष कोणाला द्यायचा? प्लंबरने जोर केला नसता तर नळ निघाला नसता.

ओट्यावर उभा राहणारा बगळ्याच्या मानेचा नळ घेतला म्हणजे सुटका होते, असा समज आहे. तो नळ ग्रॅनाइटच्या किंवा सिंकच्या भोकातून खाली उतरतो आणि ओट्याखालून चेक नटने आवळला जातो. तो नट कुठे असतो ते एकदा वाकून पाहावे. सिंकच्या खोलगट भांड्याच्या मागे, भिंत आणि भांडे यांच्यामध्ये, हात कसाबसा जाईल एवढ्या जागेत तो असतो. समोर सांडपाण्याचा पाइप, बाजूला वॉटर प्युरिफायरच्या नळ्या आणि दोन कनेक्शन पाइप. कपाटात पाठीवर निजून, तोंडावर गंजाची भुकटी झेलत, पाना एका वेळी जेमतेम पाव फेरा फिरतो. नट पातळ पत्र्याचा असेल तर त्याच्या कडा झिजतात आणि मग त्याला करवतीने कापण्यावाचून गत्यंतर नसते. अलीकडे वरूनच अ‍ॅलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, आवळता येणारे, खाली पंजे उघडून ओट्याला पकडणारे नळ काही देशांत विकले जातात. ती दिशा मला बरोबर वाटते, परंतु अशा नळांची पकड आपल्याकडे सिंकच्या पातळ स्टीलवर आणि जाड ग्रॅनाइटवर, दोन्हीकडे सारखी बसली पाहिजे.

याच ओट्याखाली गॅसचा सिलिंडर असतो. सिलिंडर संपला की घरची बाई किंवा शाळकरी मुलगाही रेग्युलेटर एका हाताने काढतो आणि भरलेल्या सिलिंडरवर बसवितो. रेग्युलेटर उचलताच सिलिंडरची झडप आपोआप मिटते. सिलिंडर कुठूनही भरून आला तरी तो बसतो, कारण त्या झडपेची मापे भारतीय मानकाने बांधून दिलेली आहेत. ज्वालाग्राही वायूचा जोड आपण लाखो घरांतील अननुभवी हातांवर सोपवितो आणि साध्या पाण्याच्या जोडासाठी मात्र पाना, टेप आणि प्लंबर लागतो, ही विसंगती कोणत्याही तांत्रिक कारणाने टिकून राहिलेली नाही. ती केवळ सवयीने टिकली आहे.

माझी सूचना अशी आहे. नळाचे दोन भाग करावेत. एक बैठक, जी प्लंबरने एकदाच भिंतीतल्या एल्बोत किंवा ओट्यावर कायमची बसवावी. आणि दुसरा वरचा नळ, जो त्या बैठकीत सरळ आत सरकवून पाव फेरा फिरविला की अडकेल. बैठकीत अशी झडप असावी की नळ काढण्यासाठी दिलेल्या त्याच पाव फेऱ्याने ती मिटेल. म्हणजे पाणी बंद झाल्याशिवाय नळ सुटणारच नाही. स्प्रिंगने आपोआप मिटणारी झडप सोपी वाटते, पण आपल्या परिस्थितीत ती मला पसंत नाही. गच्चीवरच्या टाकीचे पाणी वरच्या मजल्यावर जेमतेम तीन मीटर उंचीच्या दाबाने येते. पाण्याच्या दाबालाच स्प्रिंग ढकलून वाट काढावी लागली तर धार बारीक होईल, आणि मोठे पातेले किंवा घागर भरायला कितीतरी वेळ लागेल. शिवाय चुन्याचा एक कण झडपेच्या तोंडाशी अडकला तर स्प्रिंग तिला पूर्ण मिटवू शकणार नाही. हाताने फिरणारी झडप तो कण चिरडून मिटते.

पाव फेऱ्याच्या अडकणीला आणखी एक कारण आहे. १५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर टाकीच्या पाण्याचा रेटा अर्ध्या किलोच्या आसपास असतो, पण जिथे प्रेशर पंप लावलेला आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोचा दाब आहे तिथे तोच रेटा ५ किलोंहून अधिक होतो. केवळ घर्षणाने धरलेला नळ तिथे निसटून हातात येईल. धातूच्या दोन खांद्यांमागे अडकलेला नळ निसटत नाही, आणि मोठी कढई मानेवर आदळली तरी सैल होत नाही.

पाणी अडविण्याचे काम आट्यांवरून काढून रबरी कडीवर द्यावे. रबरी कडी कधीतरी झिजणारच, आणि जोड वाढले की गळण्याच्या जागा वाढतात हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ती कडी बैठकीत ठेवू नये, वरच्या नळावर ठेवावी, म्हणजे नळ हातात घेतला की ती डोळ्यांसमोर असेल आणि नखाने काढून बदलता येईल. रबरही विचारपूर्वक निवडावे लागेल. नवतपाच्या दिवसांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हाताला चटका देते, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. गरम पाण्यात टिकणारे ईपीडीएम रबर यासाठी उपलब्ध आहे. आणि बैठकीच्या बाहेरचे आटे मात्र जुन्या अर्धा इंची मापाचेच असावेत, म्हणजे आज उभ्या असलेल्या घरांनाही ती भिंत न फोडता बसेल.

अशा नळाची परीक्षा कोरड्या प्रयोगशाळेत होऊन चालणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजेच जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. मग त्या ६०० मिलिग्रॅमच्या पाण्यात वर्षभर, मधे एकदाही न काढता राहिलेला नळ एका वृद्ध व्यक्तीच्या ओल्या हाताने निघतो का, हीच कसोटी ठेवावी. पहिल्या दिवशी सहज निघणारा नळ बनविणे फारसे कठीण नाही. तिसऱ्या वर्षी तो निघतो की नाही, यावर त्याची किंमत ठरायला हवी.

सहज निघणारा पितळी नळ चोरीला जाईल, असे काही जण म्हणतील. सार्वजनिक नळाबाबत ती भीती रास्त आहे आणि तिथे जुनीच पद्धत ठेवावी. मी घरातल्या ओट्याबद्दल बोलत आहे. प्लंबरांच्या पोटावर पाय येईल, हेही मला पटत नाही. बैठक बसविण्याचे, पाइप टाकण्याचे कसबी काम त्यांचेच राहणार आहे, आणि वॉशर बदलण्याच्या फुटकळ कामासाठी शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणे त्यांनाही परवडत नाही.

खरी भीती वेगळी आहे. प्रत्येक कंपनी स्वतःच्या मापाची बैठक काढेल आणि ग्राहक त्याच कंपनीला बांधला जाईल, ही. नळाच्या आतल्या स्पिंडलबाबत, म्हणजे मुठीबरोबर फिरून पाणी उघडणाऱ्या-मिटविणाऱ्या दांड्याबाबत, हे आधीच झाले आहे. अर्ध्या फेऱ्याचा, पाव फेऱ्याचा, वेगवेगळ्या दात्यांचा आणि उंचीचा स्पिंडल प्रत्येकाचा निराळा, त्यामुळे दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, जुना काढून आणला आहे का? जुना काढता येत नाही म्हणून तर आपण दुकानात आलेलो असतो. व्हिटवर्थच्या आट्यांनी जे साधले तेच बैठकीच्या बाबतीत पुन्हा साधायचे असेल, तर कंपन्यांच्या आधी भारतीय मानक ब्युरोने बैठकीच्या तोंडाचा व्यास, खांद्यांची जागा आणि पाव फेऱ्याची दिशा ठरवून जाहीर केली पाहिजे. ब्युरो मानकांचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले ठेवतो. त्या वाटेने ग्राहक संघटनांनी आणि प्लंबरांच्या संघटनांनी ही मागणी पुढे न्यावी.

या कामासाठी नागपूरइतके सोयीचे शहर क्वचितच असेल. पाण्याचे गुणधर्म जाणणारी नीरी इथे आहे, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत पितळ कातणारे कारखाने सापडतील. दरवर्षी शेकडो विद्यार्थी अंतिम वर्षाचे प्रकल्प करतात आणि त्यांतले पुष्कळसे अहवालाच्या कपाटात जातात. एका तुकडीने पाच-सहा बैठका कातून त्या बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत बसवाव्यात, पुढच्या तुकडीने त्या काढून पाहाव्यात आणि कुठे चुना धरला, कुठे कडी चिरली याची नोंद ठेवावी. असा प्रकल्प एका वर्षात संपत नाही, म्हणून तो कोणी हाती घेत नाही. शिक्षकांनी ही अडचण दूर करावी अशी माझी त्यांना विनंती आहे.

तोपर्यंत एक गोष्ट नव्या इमारती बांधणाऱ्यांना विनाखर्च म्हणावी इतक्या थोडक्यात करता येईल. स्वयंपाकघराच्या पाण्याचा स्वतंत्र बंद करण्याचा कॉक बहुतेक ठिकाणी गच्चीवर किंवा शाफ्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या बोळात, असतो, आणि नळाला हात लावायचा म्हटले की शिडी आणि चौकीदार शोधण्यापासून सुरुवात होते. तो कॉक ओट्याखाली, सिंकच्या कपाटाच्या दाराशी, बसल्या जागी हात पोहोचेल अशा उंचीवर द्यावा, आणि घराचा ताबा देताना मालकाला तो एकदा उघडून-मिटवून दाखवावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, नंदनवन, नागपूर