भाकरीच्या फडक्यातली माती

रानीखेतच्या दाज्यूंना,
सा. न. वि. वि.

तिकडे मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, एवढं मला टॅक्सीवाल्याने शिकवलं होतं. फोनवर हिंदीत बोलताना माझी गाडी 'बहुत धन्यवाद'च्या पुढे जात नाही, आणि तुम्ही 'अरे दीदी, इसमें क्या है' म्हणून विषयच संपवता. म्हणून राहिलेलं सगळं आज माझ्या भाषेत लिहितेय, चार लोकांसमोर.

परवा रविवारी चीडच्या, म्हणजे तुमच्या डोंगरातल्या पाईनच्या, पाचही रोपांच्या कुंड्या पहिल्यांदा बदलल्या. रोप बाहेर काढलं आणि हात थांबला. मुळांभोवती पांढऱ्या तंतूंची जाळी धरली होती, कापूस पिंजून लावावा तशी. नाकाशी नेली तर अळंबीचा वास. तुमच्या बांधावर तुम्ही मला हुंगायला लावला होतात, तोच. मी गच्चीवर तशीच बसून राहिले आणि खूप रडले.

या रोपांची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. माझे बाबा एप्रिलमध्ये उत्तराखंडातलं तुमचं कुमाऊँ बघायला गेले होते. येताना चीडचं एक मिटलेलं बोंड खिशातून घेऊन आले. पुण्याच्या उन्हात खिडकीत ठेवलं, तर चार दिवसांत ते टक्‌टक् आवाज करत उमललं. एकेका खवल्याआड पंखवाल्या दोन-दोन बिया. आम्ही मोजल्या, चांगल्या ४६ निघाल्या. बाबांना बोन्सायचं वेड होतं, पण सगळं वडा-पिंपळाचं. "बी पेरून एक पाईन करू," म्हणाले. जूनमध्ये ३० बिया पेरल्या, २१ उगवल्या. इवल्याशा दांडीवर हिरव्या सुयांची छत्री! आणि पंधरा दिवसांत सगळी रोपं मातीलगत काळी पडून कोलमडली. बाबा म्हणाले, उरलेल्या पुढच्या वेळी. डिसेंबरात ते गेले.

फेब्रुवारीत उरलेल्या १६ बिया मी एकटीने पेरल्या. सात रोपं तगली, पण ऑक्टोबर आला तरी बोटभरच. पिवळट, टोकांना जांभळी झाक, वाढ म्हणून नाही.

या आठ महिन्यांत मी कुणाकुणाला विचारलं नाही! एका मोठ्या नर्सरीवाल्यांनी न बघताच कोकोपीटची पिशवी हातात दिली आणि दोन वेळा पाणी घालायला सांगितलं. बोन्सायचा वर्ग घेणाऱ्या एका गृहस्थांनी फी घेतली, मग फोन उचलणं बंद केलं. शेवटी उचलला तेव्हा म्हणाले, "चीडची पानं वीतभर लांब, त्याचं कसलं बोन्साय? फेकून द्या. जपानी ब्लॅक पाईनच्या बिया आहेत माझ्याकडे, पाकीट घेऊन जा." पानं लांब असतात हे खरंच आहे. पण 'फेकून द्या' म्हणण्याआधी माणूस एकदा विचारतो, बाई, याच रोपांसाठी एवढी का तळमळतेयस? त्यांनी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. मी रानीखेतला आले ती बाबा जिथे हिंडले ते डोंगर बघायला. रोपवाटिकेत आयुष्य घालवलेले एक माळी वरच्या वाडीत राहतात असं कळलं, म्हणून चढून आले. तुम्ही बांधावर जेवायला बसत होतात. मी मोबाइलवरचे फोटो पुढे केले. तुम्ही चष्मा सदऱ्याला पुसलात, सातही फोटो एकेक करून पाहिलेत, आणि पहिला प्रश्न केलात, "बीज किसने चुना था?" मी सांगितलं. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "इनको अपने जंगल की मिट्टी नहीं मिली."

मग चीडखाली गेलात. खोडावर लिशासाठी, म्हणजे चीडच्या चिकासाठी, पाडलेल्या जुन्या खाचा होत्या. गळलेल्या पानांचा, तुमच्या पिरूलचा, जाड थर हाताने बाजूला केलात आणि खालची ती पांढरी जाळी दाखवलीत. ही बुरशी मुळांना चिकटून राहते, मातीतलं अन्न-पाणी त्यांच्यापर्यंत पोचवते, आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. पाईन ज्या देशांत मुळात नव्हता तिथे लावला, तेव्हाही रोपं अशीच खुरटायची आणि जुन्या बनातली माती घातल्यावर धरायची, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते एका वाक्यात सांगितलं होतंत.

पण दाज्यू, आठवतं ते पुढचं. माती न्यायची कशात? माझ्या पर्समध्ये काही नव्हतं. तुम्ही भाकरी बांधून आणलेलं फडकं सोडलंत. मडुव्याची भाकरी, म्हणजे आमची नाचणीच. ती डाव्या हातावर घेतलीत, फडकं झटकलंत, त्यात दोन ओंजळी माती घातलीत, वर बाटलीतलं पाणी शिंपडलंत आणि गाठ मारलीत. मग तीच भाकरी उभ्या-उभ्या मोडून अर्धी मला दिलीत. पैसे पुढे केले तर हात मागे घेतलात. काठगोदामपासून दिल्लीपर्यंत आणि पुढे पुण्यापर्यंत ती पुरचुंडी माझ्या मांडीवर होती.

गेल्या दीड वर्षात मला एक कळलंय. ज्ञान पुष्कळांकडे असतं. समोरच्याचं दुःख हातातल्या घासापेक्षा मोठं मानणारी माणसं थोडी, आणि ती बहुधा अशीच कुठेतरी बांधावर बसलेली असतात, पाटी न लावता.

सातातली दोन रोपं तरीही गेली. पाच आहेत, वीतभर, निळसर सुट्या पानांची. तीन-तीनच्या जुडग्यातली मोठी पानं यायला अजून अवकाश आहे. बोन्सायच्या फांद्या वळवायची तार वगैरे काही लावलेली नाही. "पहले पेड़ तो बनने दो," म्हणाला होतात ना. सोटमूळ मात्र छाटलं, हात कापत होते. जुनी माती थोडी तशीच ठेवलीय.

तुमचं फडकं धुऊन बाबांच्या कपाटात ठेवलंय. पोस्टाने पाठवणार नाही. एप्रिलमध्ये बोंडं उमलतात तेव्हा स्वतः घेऊन येते, नाचणीच्या भाकरी बांधून.

तुमची धाकटी बहीण,
पुणे