नाना, त्या दोन इंचांसाठी

आदरणीय नाना (प्रा. मधु दंडवते),

तुम्ही २००५ सालीच गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे कळतं. पण मन भरून आलंय, आणि आभार मानायला दुसरं कोणी सुचत नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय.

नुकतंच आईला मुंबईहून कुडाळला नेलं. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलेलं, बसवून न्यायचं नाही, आडवंच न्या, हादरे बसता कामा नयेत. म्हणजे गाडी करून न्यायचा प्रश्नच मिटला. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. मंत्री आले, गणपतीच्या तोंडावर पाहणी करून गेले, नवी तारीख देऊन गेले. त्यांच्या खड्ड्यांतून टाके घातलेली पाठ कोण नेणार? कोकणकन्येला स्लीपरचा खालचा बर्थ मिळाला तेव्हा जीव भांड्यात पडला. रोहा मागे पडल्यावर वाकून विचारलं, "दुखता काय गो?" ती म्हणाली, "नाय रे. गादी बरी आसा." आणि कुशीवर न वळता झोपली.

ती गादी तुमची, नाना.

१९७७ साली तुम्ही रेल्वेमंत्री झालात तेव्हा दुसऱ्या वर्गाचा बर्थ म्हणजे नुसती लाकडी फळी. वळकटी असेल तर ठीक, नाहीतर रात्रभर हाडं शेकायची. गादी फक्त पहिल्या वर्गाला. तुम्ही त्या फळीवर दोन इंच फोम घालायला लावलात. नवी गाडी सोडली तर हिरवा झेंडा दाखवता येतो, फोटो येतो. फोमला कसला झेंडा? पण सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या माणसाला पाठीवरचा दाब बरोबर कळला असणार. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, असं तुमचं म्हणणं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली सुरू केलीत, आणि तिला पहिला वर्ग ठेवलाच नाहीत.

तुमची कारकीर्द तशी मोठी. जेमतेम वर्षभर विधान परिषदेत, मग १९७१ साली आधीचे खासदार नाथ पै गेल्यावर त्यांच्या जागी राजापुरातून लोकसभेत. तेही इंदिरा लाटेत! तिथून ओळीने पाच निवडणुका. आणीबाणीत तुम्ही बंगळूरच्या तुरुंगात, तुमच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. बाहेर आलात ते थेट रेल्वे मंत्रालयात, आणि १९७४ च्या रेल्वे संपात नोकऱ्या गेलेल्या कामगारांना परत कामावर घेतलंत. स्वतः तुरुंगातून सुटून आलेला माणूस खुर्चीवर बसल्याबरोबर हिशेब चुकते करायला निघाला असता, तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

कोकण रेल्वेचंही तेच. १९९० साली महामंडळ झालं तेव्हा रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिसांकडे आणि अर्थखात्याची तिजोरी तुमच्याकडे, म्हणून ते स्वप्न कागदावरून खाली उतरलं. आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या राजापूरने तुम्हाला पाडलं. कोकणी माणूस मतांच्या बाबतीत फार उदार नाही, हे तुम्ही आमच्याहून जास्त ओळखून असाल. १९९८ साली गाडी अखेर सगळ्या मार्गावर धावली, तेव्हा तुम्ही आमचे खासदार नव्हता. त्याबद्दल कधी कुरकुर केलीत, असं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आजकाल बसस्टॉपच्या पत्र्यावरही आमदार-खासदार निधीतून म्हणून फोटोसकट नाव रंगवतात. आईच्या बर्थवर तुमचं नाव कुठेच नव्हतं. समोरच्या बर्थवरच्या कॉलेजच्या पोराला मी हे सगळं सांगितलं, तर त्याला वाटत होतं की गादी पहिल्यापासूनच होती. यापेक्षा मोठी पावती कुठली?

आई आता काठी धरून पडवीपर्यंत येते. तिने आयुष्यातलं पहिलं मत १९७७ साली तुम्हालाच दिलं होतं, म्हणे. हे लिहितोय कळल्यावर म्हणाली, "माझापण नमस्कार घाल." तो घातला.

आपला,
कुडाळ तालुक्यातला एक प्रवासी