खोक्यावरचा आकडा आणि आतले खेळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली २९ वर्षे मी सांगलीत गणपती पेठेत खेळण्यांचे दुकान चालवतो. गेल्या महिन्यात एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. हातात तळहाताएवढा व्हिडिओ गेम, माझ्याच दुकानातून नेलेला. खोक्यावर पिवळ्या ठळक अक्षरांत '५०० गेम्स'. मुलाने वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पेन्सिलीने एकेका खेळाचे नाव लिहिले होते. टँकचा खेळ सात वेळा, सात नावांनी: एक पहिल्या पातळीपासून सुरू होणारा, एक पाचव्या, एकात नुसत्या 'लाइफ' जास्त. वेगळे खेळ निघाले ११०. मी पैसे परत केले.

पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. दुकान सुरू केले तेव्हा टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेट जोरात खपायच्या. काउंटरवर '६४ इन १' आणि '९९९९९९ इन १' शेजारी ठेवल्या, की गिऱ्हाइकाचे बोट मोठ्या आकड्यावरच जायचे. वेगळे खेळ अनेकदा लहान आकड्याच्या कॅसेटमध्येच जास्त असायचे. मला माहीत होते, मी बोललो नाही. त्याची खंत आजही आहे.

नावाचेही तसेच. प्लेस्टेशन गाजू लागल्यावर नावात एक-दोन अक्षरांचा फरक असलेली, हुबेहूब तसल्याच करड्या ढाच्याची यंत्रे बाजारात आली. सीडीचे झाकण उघडले की खाली कॅसेटची खाच! आत सगळे तंत्र जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या कॅसेटवर चालणाऱ्या गेम यंत्राच्या नकलेचे. नातवासाठी खरेदीला आलेले आजोबा झाकण उघडून बघत नाहीत. ते खोके बघतात, नाव वाचतात आणि पेन्शनमधून पैसे काढून देतात.

प्रामाणिक खोके खपत नाही, हा आमच्या धंद्यातला समज मला पटत नाही. अमेरिकेत अटारी या गेम यंत्राच्या खेळांच्या खोक्यांवर देखणी रंगवलेली चित्रे असायची आणि पडद्यावर चौकोनी ठिपके. त्याच यंत्रासाठी खेळ करणाऱ्या ॲक्टिव्हिजनने खोक्यावर पडद्यावरच्या दृश्याशी जुळणारे चित्र छापले. त्यांचा १९८२ सालचा 'पिटफॉल' ४० लाखांच्या आसपास खपला.

आपल्याकडे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांमुळे बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावे लागते. गेमच्या खोक्यावर किंमत, आयातदाराचा पत्ता आणि 'नग १' एवढे असते. वजने-मापे तपासणाऱ्या वैधमापन खात्याने दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: एकमेकांपासून वेगळ्या असलेल्या खेळांची संख्या, आणि त्याच यंत्राच्या पडद्यावरचे एक खरे चित्र. मोटारींची चकचकीत छायाचित्रे छापून आत ठिपक्यांच्या गाड्या देणे बंद व्हायला हवे.

तोवर मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. त्या मुलाची वही चार दिवस मागून घेतली आणि दुकानातल्या त्या मालाच्या उरलेल्या चौदा खोक्यांवर '५००' च्या शेजारी जाड मार्करने '११०' लिहिले. त्यातली पाच विकली गेली आहेत.

आपला,
एक खेळणी विक्रेता, गणपती पेठ, सांगली